विश्लेषण : घाटात ट्रकचे ‘ब्रेक फेल’ होतात, तेव्हा नेमके काय होते?

मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावरून कोल्हापूर किंवा बेळगावकडे जाणाऱ्या प्रत्येक अवजड वाहनाला सह्याद्रीचा एखादा घाट चढावा लागतो आणि परतताना तो उतरावा लागतो. आंबोली, करूळ, भुईबावडा, फोंडा हे त्यातले नेहमीचे घाट. या घाटांत ट्रक उलटला किंवा बस कठड्यावर आदळली, की बातमीत बहुतेक वेळा एकच कारण येते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’

मात्र अवजड वाहनांच्या एअर ब्रेकची रचना पाहिली तर हे कारण अपुरे वाटते. कारण हवा संपली तर या वाहनांचे ब्रेक सुटत नाहीत, उलट मागची चाके जखडली जातात. मग भरलेला ट्रक उतारावर थांबत का नाही? आणि घाट सुरू होण्यापूर्वीच हा धोका ओळखता येतो का?

एअर ब्रेक कोणत्या वाहनांना असतात?

एसटीच्या बस, खासगी आराम बस, सहा चाकी व दहा चाकी ट्रक, डंपर, टँकर आणि कंटेनर यांना एअर ब्रेक असतात. मासळी, आंबा, भाजी वाहणारी पिकअप आणि छोटे टेम्पो यांचे ब्रेक मात्र बहुतेक वेळा कारप्रमाणे ऑइलवर चालतात. दोन्हींची तपासणी वेगळी आहे. त्यामुळे आपल्या वाहनाला कोणती यंत्रणा आहे, हे चालकाला आणि मालकाला माहीत असणे ही पहिली पायरी.

कारमध्ये पायाचा जोर ऑइलमार्फत चाकापर्यंत पोहोचतो. पंधरा-वीस टनांच्या वाहनाला तो जोर पुरत नाही. म्हणून तिथे दाबाखालची हवा काम करते आणि पायाने फक्त त्या हवेचा झडपा उघडला जातो.

ही यंत्रणा चालते कशी?

इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. वाटेत एअर ड्रायर त्या हवेतील ओलावा काढतो. टाक्या भरल्या की गव्हर्नर कॉम्प्रेसरचे काम थांबवतो. त्या वेळी ‘फुस्स’ असा जो आवाज येतो, तो यंत्रणा ठीक असल्याची खूण आहे. टाकीतील दाब वाहनानुसार साधारण ८ ते १० बार असतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या साडेतीन ते साडेचार पट झाला.

चालकाने पेडल दाबले की हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. गॅरेजमध्ये याला ‘बूस्टर’ही म्हणतात. हवेच्या दाबाने चेंबरमधून एक दांडा बाहेर सरकतो, तो स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाची कडी फिरवतो, त्यामुळे ब्रेक शू फाकतात आणि त्यांवरचे लायनर फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. वाहन थांबते ते या घर्षणाने. हवेचे काम फक्त ढकलण्याचे.

यात एक उणीव आहे. ऑइल दाबले की दाब लगेच पोहोचतो, हवेला मात्र नळीतून पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात ट्रक आठ मीटर पुढे जातो. महामार्गावर ट्रकच्या पुढ्यात अचानक कार घालणाऱ्यांनी हे आठ मीटर लक्षात ठेवायला हवेत.

हवा गेली तर काय होते?

अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत नळी तुटली की ब्रेकही जात असत. त्यामुळे १८७०च्या दशकात त्यांनी रचनाच उलटी केली : नळीतील हवा गेली की ब्रेक आपोआप लागतील. आजच्या ट्रक-बसचा पार्किंग ब्रेक याच विचारावर बेतलेला आहे.

मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक अत्यंत ताकदवान स्प्रिंग असते. हवेचा दाब तिला आवळून धरतो. दाब उतरला की स्प्रिंग उसळते आणि ब्रेक लावते. म्हणूनच रात्रभर उभ्या ट्रकमधली हवा उतरली असेल, तर सकाळी इंजिन सुरू करून ‘हवा बनेपर्यंत’ तो जागचा हलत नाही. शिवाय पुढच्या व मागच्या चाकांच्या ब्रेकसाठी हवेचे मार्ग वेगळे ठेवलेले असतात. एका मार्गात गळती झाली तरी दुसरा काही काळ काम करतो. दाब साधारण साडेचार-पाच बारपर्यंत घसरला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो.

थोडक्यात, हवा संपण्याविरुद्ध या यंत्रणेत तीन आधार आहेत : दोन स्वतंत्र मार्ग, धोक्याची सूचना आणि स्प्रिंग ब्रेक. तरीही अपघात होतात, कारण घाटात अडचण सहसा हवेची नसते. ती उष्णतेची आणि ढिल्या ब्रेकची असते.

मग ब्रेक निकामी कसे होतात?

२५ टनांचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा केवळ उंची कमी झाल्यामुळे सुमारे साडेबारा कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकने जिरवायची ठरवली तर दोनशे लिटरची दोन पिंपे भरून पाणी उकळता येईल एवढी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये जाते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथून सावंतवाडीकडे उतरणाऱ्या भरल्या ट्रकसाठी हा हिशेब अतिशयोक्तीचा नाही.

ड्रम तापला की दोन गोष्टी होतात. लायनरची पकड कमी होते आणि लोखंडी ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो. मग तेवढाच ब्रेक लागण्यासाठी दांड्याला जास्त बाहेर यावे लागते. पण दांड्याच्या सरकण्याला मर्यादा आहे. लायनर आधीच झिजलेले असतील आणि स्लॅक ढिला असेल, तर दांडा शेवटपर्यंत येतो, पण लायनर ड्रमवर पुरेसा दाबला जात नाही. त्या क्षणी टाकीत हवा पूर्ण असते, काटा जागेवर असतो, बझर वाजत नाही. फक्त ट्रक थांबत नाही.

इथेच शेवटचा आधारही तुटतो. स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक वेगळ्या ड्रमवर चालत नाही. तो मागच्या चाकांचे तेच ड्रम आणि तेच लायनर वापरतो. ते तापून निकामी झाले असतील तर हँडब्रेक ओढूनही उपयोग होत नाही. घाटातल्या ‘ब्रेक फेल’चे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे कारण.

धोका म्हणूनच थंड ड्रमवर दिसत नाही. सपाट रस्त्यावर ढिला ब्रेकही ‘ठीक लागतो’. मालवण-कुडाळ किंवा महामार्गावर गोव्यापर्यंत रोज धावणाऱ्या गाडीचा दोष महिनोन्महिने लपून राहू शकतो. तीच गाडी एक दिवस भरून घाट उतरली की तो उघडा पडतो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच मालवाहू गाड्या चढताना मासळी किंवा चिरा घेऊन जातात आणि उतरताना रिकाम्या किंवा हलक्या असतात. ही सवय चालकाला खोटा विश्वास देते.

नवले पुलाच्या अपघातांतून काय दिसते?

यांत्रिक दोष आणि चालवण्याची पद्धत यांतला फरक पुण्यातल्या एका घटनेत दिसला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबई-बेंगळूरु महामार्गावर, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली. सुरुवातीची चर्चा ब्रेक निकामी झाल्याची होती. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पुढे आले. त्याच परिसरात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी एका कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली, आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे, ही सवय घाटरस्त्यांवर जुनी आहे. एअर ब्रेकच्या वाहनात ती दुहेरी घातक ठरते. गिअर नसल्याने इंजिनचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद असतो. प्रत्येक वेळी पेडल दाबले की टाकीतील हवा खर्च होते आणि नवी बनत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होते. वाचणारे डिझेल मात्र नगण्य असते, कारण आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतार उतरताना आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंधन जवळजवळ घेतच नाही.

किनारपट्टीवर धोका वेगळा कसा?

कॉम्प्रेसर बाहेरचीच हवा ओढतो. कोकणातल्या दमट हवेत पाण्याचा अंश अधिक. एअर ड्रायरचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर हे पाणी टाकीत साचते, त्यात कॉम्प्रेसरचे ऑइल मिसळते आणि तो चिकट गाळ झडपांमध्ये जाऊन बसतो. टाकीत जेवढे पाणी, तेवढी हवेला जागा कमी. म्हणजे लागोपाठ ब्रेक मारल्यावर दाब लवकर उतरतो.

दुसरा शत्रू मीठ. खारी हवा, वाळूची वाहतूक आणि मासळीच्या बर्फाचे गळणारे पाणी यांमुळे चेंबर, नळ्यांचे जोड, स्लॅकच्या पिना आणि बुश गंजतात. गंजलेला स्लॅक ब्रेक लावताना नीट फिरत नाही आणि सोडताना नीट परत येत नाही. मग एखाद्या चाकाचा ब्रेक सतत घासत राहतो आणि घाट सुरू होण्यापूर्वीच तो ड्रम तापलेला असतो.

तिसरी बाब उभ्या गाड्यांची. १ जूनपासून मासेमारी बंदी लागू झाली की मासळीच्या अनेक गाड्या पावसात उभ्या राहतात. या काळात टाकीत पाणी साचते, ड्रमच्या आत गंज धरतो. बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला माल पोहोचवण्याची घाई असते. तपासणी सर्वाधिक गरजेची असते ती नेमकी त्या दिवशी.

रस्त्यांची स्थितीही बदलते आहे. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी बंद झाला, तेव्हा वाहतूक फोंडा आणि भुईबावडा घाटांकडे वळवावी लागली. रुंद काँक्रीटचा रस्ता चांगलाच, पण पूर्वी खड्ड्यांमुळे आपोआप कमी राहणारा वेग आता चालकालाच आवरावा लागतो.

घाटापूर्वी काय तपासावे?

पुढील तपासणीला सपाट जागा, दोन माणसे आणि साधारण दहा मिनिटे लागतात. चाकांना आधी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत.

१. टाकीतील पाणी : टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाहावा. थोडा ओलावा ठीक. पाण्याची धार किंवा ऑइलचा गाळ आला तर एअर ड्रायर काम करत नाही असे समजावे.

२. हवा बनणे : इंजिन सुरू करून दोन्ही काटे चढताना पाहावेत. बझर बंद व्हायला हवा आणि टाकी भरल्यावर ‘फुस्स’ आवाज यायला हवा. रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा गळती आहे.

३. गळती : इंजिन बंद करून, पार्किंग ब्रेक सोडून, पेडल पूर्ण दाबून एक मिनिट धरावे. अमेरिकेतील व्यावसायिक चालकांच्या परीक्षेत एकट्या ट्रकसाठी मिनिटाला ३ पीएसआय, म्हणजे साधारण ०.२ बारपेक्षा जास्त घट चालत नाही. ट्रेलर जोडलेला असेल तर मर्यादा ४ पीएसआय. काट्यावर घसरण सहज दिसत असेल तर घाटात जाऊ नये.

४. सूचना आणि स्प्रिंग : इंजिन बंद, चावी चालू ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबावे. दाब उतरल्यावर दिवा आणि बझर लागलाच पाहिजे. आणखी उतरल्यावर स्प्रिंग ब्रेक लागला पाहिजे. बझरची वायर काढून ठेवलेली असेल तर ती आधी जोडावी.

५. स्लॅक : पुन्हा हवा भरून, पार्किंग ब्रेक सुटलेला असताना प्रत्येक चाकाचा स्लॅक हाताने जोरात ओढावा. साधारण एका इंचापेक्षा जास्त हलत असेल तर ब्रेक ढिला आहे. हाताने जुळवायचा स्लॅक मेकॅनिककडून जुळवून घ्यावा. स्लॅक आपोआप जुळणारा असेल आणि तरीही ढिला पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा हाताने आवळणे हा उपाय नाही. बुश, पीन किंवा खुद्द स्लॅक बिघडला आहे.

६. चालवून पाहणे : पार्किंग ब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकेच ओढून पाहावे, गाडी हलता कामा नये. मग ताशी आठ-दहा किलोमीटर वेगात ब्रेक दाबावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादे चाक काम करत नाही.

एक इशारा महत्त्वाचा. मागच्या चेंबरमधील स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. तो चेंबर रस्त्यावर उघडणे जिवावर बेतू शकते. ते काम जाणकार मेकॅनिकचेच.

उतरताना काय करावे?

गिअर घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा घ्यावा. वेग वाढल्यावर भरलेल्या ट्रकचा गिअर खाली येत नाही, उलट गाडी न्यूट्रलमध्ये अडकण्याची भीती असते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो सुरुवातीपासून वापरावा. पेडलवर सतत हलका पाय ठेवू नये. समजा ताशी ३० हा सुरक्षित वेग ठरवला, तर काटा ३० वर आल्यावर ब्रेक ठामपणे दाबून वेग २२ पर्यंत आणावा आणि पाय पूर्ण काढावा. अशाने ड्रमला मधल्या काळात थंड व्हायला वाव मिळतो.

जळकट वास आला, चाकातून धूर दिसला किंवा पेडल रोजच्यापेक्षा जास्त दाबावे लागले, तर शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो. चाकांना दगड लावून ड्रम आपसूक थंड होऊ द्यावेत. बसमधील प्रवाशांना असा वास आला तर वाहकाला सांगण्यात संकोच करू नये. कारचालकांनी घाट उतरणाऱ्या अवजड वाहनाच्या लगेच पुढे राहू नये.

फिटनेस प्रमाणपत्र पुरेसे नाही का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. अवजड वाहनांची तपासणी स्वयंचलित चाचणी केंद्रांतून करण्याचे केंद्राने ठरवले. त्यासाठीची १ एप्रिल २०२३ ही मुदत पुढे १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढवण्यात आली. अशा केंद्रात रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने लागतो हे मोजता येते. नजरेने केलेल्या तपासणीपेक्षा हे निश्चितच चांगले.

तरीही मर्यादा राहते. तपासणीला येणारी गाडी सहसा रिकामी असते आणि तिचे ड्रम थंड असतात. शिवाय आठवड्याला तीन फेऱ्या करणारा ट्रक दोन वर्षांत तीनशेहून अधिक वेळा घाट उतरतो. तेवढ्या काळात लायनर एकदा तरी बदलावे लागू शकतात. प्रमाणपत्र त्या एका दिवसापुरते खरे असते. बाकीच्या दिवसांची तपासणी चालक आणि मालकानेच करायची.

जबाबदारी कोणाची?

अपघातानंतर गुन्हा बहुतेक वेळा चालकावर दाखल होतो. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ लागू शकते. लायनर बदलायचे की आणखी एक हंगाम ढकलायचा, माल किती भरायचा आणि किती वाजता पोहोचायचे, हे मात्र अनेकदा चालकाच्या हातात नसते. ब्रेकची क्षमता वाहनाच्या मंजूर वजनासाठी ठरलेली असते. त्यावर चार टन अधिक भरले की तो हिशेबच बदलतो.

नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘ब्रेक अचानक निकामी झाले’ असे म्हटल्याने मालकाची सुटका होत नाही. वाजवी काळजी घेऊनही दोष लक्षात येण्यासारखा नव्हता, हे त्याला सिद्ध करावे लागते. ढिला स्लॅक, झिजलेला लायनर किंवा टाकीत साचलेले पाणी हे दोष लक्षात न येणारे नाहीत. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वीच्या तपासणीची तारीख-वेळेसह वहीत नोंद ठेवणे चालकाच्या हिताचे आहे. दोष मालकाला कळवला होता, हे त्यातून दाखवता येते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते. त्या तपासणीत प्रत्येक चाकाच्या दांड्याचे अंतर, लायनरची जाडी, ड्रमवरील तापल्याच्या खुणा आणि गिअरची स्थिती नोंदवली गेली, तर ‘ब्रेक निकामी’ या दोन शब्दांमागचे खरे कारण कळेल. दोष देखभालीचा होता, जादा मालाचा होता की न्यूट्रलमध्ये उतरण्याचा, हे समजल्याशिवाय पुढचा अपघात टळणार नाही. तोवर आंबोलीच्या माथ्यावर चहासाठी थांबणाऱ्या ट्रकचालकाने चहाआधी गाडीखाली वाकून चारही बाजूंचे स्लॅक ओढून पाहिले, तरी पुष्कळ काही साधेल.